कोकणात पहिला कॅमेरा घेताना: रोलचा की डिजिटल?

देवगडात आंब्याची बाग सांभाळणारा तरुण असो, गुहागरच्या शाळेतल्या बाई असोत की तारकर्लीला पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवणारं जोडपं असो, फोटोग्राफी शिकायची म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न हाच येतो: रोलचा कॅमेरा घेऊ की डिजिटल? मधली काही वर्षं हा प्रश्नच उरला नव्हता, कारण रोल संपल्यात जमा होता. आता तो पुन्हा मिळू लागलाय. मुलं आजोबांच्या कपाटातले कॅमेरे बाहेर काढताहेत, आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये रोलवर चालणारा नवा कोरा कॅमेरा बाजारात आणलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या नवशिक्याने पहिला कॅमेरा डिजिटल घ्यावा, वापरलेला असला तरी चालेल. रोलचा कॅमेरा दुसरा घ्यावा, आणि ठरावीक कामासाठी घ्यावा. हे मत प्रत्येकाला लागू पडेल असं नाही, म्हणून ते कसं तपासायचं तेही खाली लिहितो. मोठ्या शहरात बसून लिहिलेल्या सल्ल्यांत चर्चा असते ती रंगांची, ग्रेनची (फोटोतल्या बारीक दाण्यांची), मेगापिक्सेलची. आपल्याकडे त्याच्याही आधी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो: पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा राहणार कुठे, आणि रोल धुणार कोण.

पायरी १: वर्षभराचे विषय कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी, येत्या वर्षात कशाचे फोटो काढायचे आहेत ते महिन्यांसकट लिहून काढा. "निसर्ग" किंवा "लोकजीवन" असं मोघम नको. मार्गशीर्षात गावची जत्रा, फाल्गुनात शिमगा, मे महिन्यात आंब्याची पाठवणी, श्रावणात भातशेती, असं लिहा. कॅमेऱ्याचा निम्मा निर्णय या कागदावरच होतो.

मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण घ्या. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं, हळूहळू जवळ येणारं जाळं, आणि ते काठाला लागलं की काही मिनिटांत सगळी धांदल. सकाळचं कोवळं ऊन असतं, ४०० आयएसओच्या रोलला उजेड पुरतो (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची क्षमता; आकडा मोठा तेवढं कमी उजेडात काम होतं). पण ३६ फोटो बघता बघता संपतात आणि ओल्या वाळूत, खारट हातांनी रोल बदलत बसलात तर नेमका क्षण हातचा जातो. हर्णैच्या बंदरावरच्या लिलावाचंही तसंच आहे: गर्दी, धावपळ, दर मिनिटाला कमी होणारा उजेड. ही कामं डिजिटलची.

दशावताराला तर मी नवशिक्याला रोल घेऊन जाऊच देणार नाही. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रंगमंचावर ट्यूबलाइटचा किंवा एलईडीचा उजेड, त्यात राक्षसपार्टी उड्या मारत येते. अशा ठिकाणी एफ/२ ला (हे ऍपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड; आकडा लहान तेवढं तोंड मोठं), सेकंदाच्या १२५ व्या भागाचा शटर (उजेड आत सोडणारा पडदा) ठेवायचा तर आयएसओ ३२०० च्या आसपास न्यावा लागतो. आजचा साधा डिजिटल कॅमेरा हे सहज करतो. रंगीत रोल सहसा ८०० आयएसओपर्यंत मिळतात. कृष्णधवल रोल १६०० किंवा ३२०० ला वापरून धुताना वेळ वाढवता येतो, पण ते शिकल्यानंतरचं काम आहे. आणि एक गोष्ट: एलईडीचे दिवे लुकलुकतात. त्याने फोटोत पट्टे येतात. डिजिटलमध्ये ते मागच्या पडद्यावर लगेच दिसतात आणि शटर बदलून टाळता येतात. रोलमध्ये कळतं ते धुऊन आल्यावर.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना फ्लॅश मारायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. सकाळच्या अंधुक उजेडात, दोरीच्या अलीकडून, काही इंचांच्या जिवाचा फोटो घ्यायचा म्हणजे पुन्हा वाढलेला आयएसओ आणि लांब लेन्स. तेही डिजिटलचंच काम.

मग रोल कुठे? पडवीत बसलेल्या आजीचा फोटो काढायचा असेल तिथे. बाहेर खळ्यात लख्ख ऊन, आत माजघरात काळोख, आणि मधे पडवीवर तो मऊ परतलेला उजेड. रंगीत निगेटिव्ह, म्हणजे नेहमीचा रंगीत रोल, अशा जागी फार सुंदर वागते. बाहेरचं ऊन पांढरंफटक होत नाही, त्यातही सारवलेल्या जमिनीचा रंग शिल्लक राहतो, आणि चेहऱ्यावरून सावलीकडे जाताना उजेड हळुवार उतरतो. माणूस एका जागी बसलेला, घाई नाही, दोन-तीन फोटो पुरेत. जुनी चिरेबंदी घरं, देवळांच्या दीपमाळा, सुरूच्या बनातली वाट, ओढून ठेवलेल्या होड्या: सगळे रोलचे विषय. तुमच्या कागदावर असंच काही जास्त असेल आणि घाईचं काम कमी असेल, तर माझं वरचं मत बाजूला ठेवा आणि रोलपासून सुरुवात करा.

पायरी २: रोल धुणार कोण, ते आधी शोधा

कॅमेरा घेऊन मग चौकशी करू, असं करू नका. एके काळी तालुक्याच्या गावातही रोल धुऊन कार्डसाइज प्रिंट मिळत. ती यंत्रं बहुतेक ठिकाणी गेली. आता जवळच्या स्टुडिओत जा आणि तीन गोष्टी विचारा. रंगीत रोल इथेच धुता की बाहेर पाठवता? महिन्यात साधारण किती रोल येतात? निगेटिव्ह परत देता ना? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. रंगीत रोलची रसायनं फार दिवस टिकत नाहीत. जिथे रोल क्वचित येतात तिथली रसायनं शिळी असण्याची शक्यता जास्त, आणि शिळ्या रसायनात धुतलेल्या रोलचे रंग कुठल्याच उपायाने नीट परतत नाहीत. इथे काम होत नसेल तर मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरियर करावं लागेल. तसं असेल तर तीन-चार रोल साठवून एकदम पाठवणं परवडतं, पण फार साठवू नका. उष्ण, दमट हवेत, फोटो काढलेल्या पण न धुतलेल्या रोलवरची प्रतिमा फिकी पडत जाते. गणपतीत घातलेला रोल शिमग्यापर्यंत कॅमेऱ्यात ठेवण्याची सवय आपल्या हवेला मानवत नाही.

कृष्णधवल रोल मात्र घरी धुता येतो, आणि ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याने तो धुवावाच. लागतं ते एवढं: धुण्याचा झाकणाचा डबा, ज्याला टँक म्हणतात, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते टिकवणारं रसायन), थर्मामीटर आणि रोल टँकमध्ये भरण्यापुरता मिट्ट काळोख. कोकणातली अडचण तापमानाची. बहुतेक कृष्णधवल डेव्हलपरांच्या वेळा २० अंश सेल्सियसला दिलेल्या असतात. मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी ३० च्या घरात असतं. तापमान वाढलं की वेळ कमी करावी लागते, आणि ती पाच मिनिटांच्या खाली गेली की रोलवर डाग-पट्टे यायला लागतात. म्हणून रसायनांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या बादलीत तासभर ठेवा आणि शक्यतो २४ अंशांच्या आत काम उरका. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात मोठा फरक नको. गंमत म्हणजे रंगीत निगेटिव्हची सी-४१ ही पद्धत ३८ अंशांवर चालते, डेव्हलपरची वेळ सव्वातीन मिनिटं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी २० वर उतरवण्यापेक्षा ३८ वर चढवणं सोपं! तरीही सुरुवात कृष्णधवलनेच करा. रंगीत कामात अर्ध्या अंशाचीही चूक खपत नाही.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर वाळताना निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं खळबळणं बॅटरीसाठी मिळतं त्या डिस्टिल्ड पाण्यात करा. रोल न्हाणीघरात दार लावून वाळत टाका, पंख्याखाली नको, धूळ चिकटते. आणि वापरलेलं फिक्सर विहिरीजवळ, व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. त्यात चांदीचा अंश विरघळलेला असतो. कॅनमध्ये साठवा आणि ज्या लॅबकडे रंगीत रोल पाठवता, ती हे फिक्सर घेईल का ते विचारून पाहा.

पायरी ३: हिशोब मांडा

रोल, धुणं, स्कॅन, कुरियर यांचे आजचे दर विचारून बेरीज करा आणि ३६ ने भागा. समजा बेरीज १,८०० रुपये आली. मग एका फोटोला ५० रुपये पडले. समजा वापरलेला डिजिटल कॅमेरा लेन्ससकट २५,००० रुपयांना मिळतोय. तेवढ्या पैशांत साधारण १४ रोल होतात, म्हणजे ५०० च्या आसपास फोटो. नवशिक्याचे डिजिटलवरचे ५०० फोटो दोन-तीन रविवारांत होतात. रोलवर तेवढेच फोटो दोन वर्षंही पुरू शकतात. तुम्ही यातले कोणते, ते तुम्हालाच ठाऊक.

स्कॅनचा आकार विचारायला विसरू नका. ३,००० × २,००० पिक्सेलच्या स्कॅनवरून साधारण १० × ७ इंचांचा चांगला प्रिंट निघतो. त्याहून मोठा हवा असेल तर मोठा स्कॅन मागा. स्वस्तात केलेला बारका स्कॅन पाहून लोक रोलला नावं ठेवतात, हे मला खटकतं. दोष रोलचा नसतो.

डिजिटलच्या बाजूला दुसरी बॅटरी, दोन मेमरी कार्डं आणि हवाबंद डबा यांचे पैसे धरा. हवाबंद डबा मात्र दोन्ही बाजूंना धरायचा.

पायरी ४: हवेशी जुळवून घ्या

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण किनाऱ्यावरचे बहुतेक कॅमेरे हवेने मरतात. पडून फुटणारे थोडे.

पहिला शत्रू बुरशी. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. लेन्सच्या काचेवर बुरशीचे बीजाणू आधीपासून असतातच. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली, हवा खेळती नसली आणि अंधार असला, की ते कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. सुरुवातीला ते साफ होतात. उशीर झाला तर काचेवरचा थर कायमचा खरवडला जातो. रोलची लेन्स असो की डिजिटलची, बुरशीला फरक नाही. फरक एवढाच की रोलचे कॅमेरे हल्ली कमी वापरले जातात, महिनोन् महिने बंद पडून राहतात, म्हणून त्यांना बुरशी जास्त लागते.

उपाय महागडा नाही. रबरी कडेचं झाकण असलेला मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. ३० च्या खालीही नको, रबर आणि वंगण सुकतं. सिलिका जेलचे रंगीत दाणे घ्या, म्हणजे ओल शोषून झाली की त्यांचा रंग बदललेला दिसतो. मग ते तव्यावर मंद आचेवर परतायचे, मूळ रंग आला की गार करून पुन्हा डब्यात. परतताना खिडकी उघडी ठेवा, आणि स्वयंपाकाचा तवा यासाठी वापरू नका. पावसाळ्यात हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं. विजेवर चालणारी कपाटंही मिळतात, ती उत्तम, फक्त वीज जाते तेव्हा त्यांचं दार उघडू नका.

काय करू नये, तेही सांगतो. कॅमेरा चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, चामडं हे बुरशीचं आवडतं घर. लाकडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची भुकटी लेन्सच्या सांध्यात शिरते. आणि कॅमेरा वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून, उजेडात धरून, शटर मारून परत ठेवला तरी त्याचं आयुष्य वाढतं.

दुसरा शत्रू मीठ. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की लाटांचे बारीक तुषार बरेच आतपर्यंत येतात. कपड्यांना कळत नाही, काचेवर मात्र धुकट थर जमतो. तो कोरड्या कापडाने कधीच पुसू नका. मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी हवेच्या फुग्याने उडवा, मग लेन्स पुसायच्या द्रवाने ओलावलेल्या मऊ कापडाने टिपा. कॅमेऱ्याचं अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवा. शहरात त्याच्या गरजेवर लोक वाद घालतात, आपल्याकडे वादाला जागा नाही. डिजिटल कॅमेऱ्याचे फ्लॅशचे आणि बॅटरीचे धातूचे बिंदू हिरवे पडतात, तेही पुसायचे. यांत्रिक रोल कॅमेऱ्याला इथे थोडा फायदा: त्यात विजेची जोडणी कमी, म्हणून मिठाने अचानक बंद पडायची भीतीही कमी.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, लेन्स बदलू नका, रोलही बदलू नका. वाऱ्याकडे पाठ करून, शर्टाच्या आत धरून केलं तरी वाळूचा एक कण पुरतो. रोलच्या कॅमेऱ्यात तो कण मागच्या पट्टीत अडकला, तर पुढच्या छत्तीसही फोटोंवर लांबच लांब ओरखडा उमटतो.

तिसरी गोष्ट दव. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात की लेन्सवर आणि आतही पाणी धरतं. कॅमेरा बॅगेतच, चेन लावून, अर्धा तास बाहेर ठेवा, मग काढा. फ्रीजमधल्या रोलचंही तेच. जादा रोल झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवणं चांगलं, पण बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबी उघडू नका.

जून ते सप्टेंबर भर पावसात बाहेर जाणार असाल, तर डिजिटललाही प्लास्टिकचं आवरण लागेल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बंदरं शांत असतात. या दिवसांत पाण्यापासून बचाव असलेला मोबाइल खिशात ठेवा आणि कॅमेरा पडवीतून वापरा. तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्यांचे फोटो मोबाइलनेही सुंदर येतात.

पायरी ५: किनाऱ्याचा उजेड ओळखा

इथे रोल आणि डिजिटल अगदी उलट वागतात. हे एकदा नीट समजलं की दोन्हीवर फोटो बिघडायचं प्रमाण निम्म्यावर येतं.

दुपारी तारकर्लीची पांढरी वाळू, फेसाळ लाट आणि सुरूच्या सावलीतला माणूस एका चौकटीत घ्या. डिजिटलमध्ये जास्त उजेड झाला की लाटेचा फेस पांढराफटक होतो. तिथली माहितीच नाहीशी होते, नंतर काही करून परत येत नाही. सावली मात्र नंतर उजळता येते, विशेषतः रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ फाइलमध्ये). म्हणून डिजिटलवर उजळ भाग सांभाळा, गरज पडली तर एक्स्पोजर (आत घेतलेला उजेड) थोडं कमी करा. निगेटिव्ह रोलवर बरोबर उलट. तिला सावलीत उजेड कमी पडला की तिथे काहीच नोंदलं जात नाही, पण जास्तीचा उजेड ती पोटात घेते. म्हणून रोलवर सावलीचं मोजमाप घ्या आणि शंका असेल तर अर्धा-एक स्टॉप जास्तच द्या (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड). स्लाइडचा रोल (ज्यावर धुतल्यावर थेट सरळ रंगांचं चित्र दिसतं) मात्र डिजिटलसारखा वागतो, तो नवशिक्याने घेऊच नये.

कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, वाळूने आणि चमकणाऱ्या पाण्याने फसतं, दोन्हीकडे. त्याला वाटतं खूप उजेड आहे, मग तो फोटो काळपट करतो. अशा वेळी जुना नियम कामी येतो. लख्ख उन्हात ऍपर्चर एफ/१६ ठेवा आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळचा. २०० आयएसओला २५० वा भाग. भर दुपारी उघड्या पुळणीवर एफ/२२. विरळ ढगांत एफ/११, ढगाळ आभाळात एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. पोफळीच्या बागेत त्याहून एक-दोन स्टॉप उघडा. हे आकडे आठवडाभर पाठ केलेत तर बंद पडलेल्या मीटरचा कॅमेराही चालवता येतो.

पोलरायझर फिल्टर घ्या, दोन्ही प्रकारांना उपयोगी. पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चमक तो काढतो, जांभ्या दगडाचा तांबडा रंग खुलतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढं लक्षात ठेवा.

पायरी ६: वापरलेला कॅमेरा असा तपासा

रोलचा असेल तर सोबत छोटी टॉर्च न्या. लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून, ऍपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारा आणि तिरकं पाहा. धागे दिसले तर घेऊ नका, विकणारा कितीही म्हणाला "नुसती धूळ आहे" तरी. मागचं झाकण उघडा: कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर तो बदलावा लागेल, नाहीतर उजेड आत शिरतो. शटर एक सेकंदावर लावून ऐका, मग सगळ्यात वेगवान लावून ऐका, फरक स्पष्ट कळला पाहिजे. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट खार बघा. पन्नास वर्षं जुन्या काही कॅमेऱ्यांना पाऱ्याच्या बॅटऱ्या लागत, त्या आता मिळत नाहीत. पर्याय आहे का, ते आधी विचारा.

शिकण्यासाठी यांत्रिक कॅमेरा घ्या, ज्याची बॅटरी फक्त मीटरपुरती असते. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२ किंवा एफएम१० यांतला जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो. याशिका एमएफ-२ सारखे फ्लॅशवाले साधे कॅमेरे आठवणींसाठी छान, पण त्यांत ऍपर्चर-शटर हातात नसतं, म्हणून शिकायला उपयोग कमी. घरात आजोबांचा आग्फा क्लिक ३ सापडला तर तो जपून साफ करा. तो वडोदऱ्याला बनत असे, त्यात १२० चा रुंद रोल लागतो आणि बारा चौकोनी फोटो निघतात. १२० चे रोल आजही मिळतात. ऊन आणि ढग एवढीच निवड असलेला तो कॅमेरा, पण भर उन्हातले चेहरे त्यात फार गोड येतात.

डिजिटल घेताना एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा (उजेड टिपणारा भाग; हा आकार रोलच्या चौकटीहून थोडा लहान) साधा कॅमेरा, सोबतची १८-५५ मिमीची लेन्स, आणि जमेल तेव्हा एक एफ/१.८ ची लेन्स, एवढं वर्षानुवर्षं पुरतं. तपासताना ऍपर्चर एफ/१६ ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील. शटर किती वेळा मारला गेलाय ते विचारा. कार्ड, चार्जिंग आणि फ्लॅशच्या जागा मिठाने काळवंडल्यात का पाहा. किनाऱ्यावर वापरलेला कॅमेरा घाटावरच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त बारकाईने तपासायचा. निकॉनचे डी३००० आणि डी५००० मालिकेतले कॅमेरे घेत असाल, तर जुन्या एएफ-डी लेन्स (ज्यांत फोकसची मोटर नसते) त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत, हे विकणारे सांगत नाहीत.

रोल घेऊन प्रवास करताना तो चेक-इनच्या सामानात टाकू नका, तिथलं स्कॅनिंग रोल खराब करतं. मोपा किंवा चिपी विमानतळावर हातातल्या पारदर्शक पिशवीत रोल ठेवा आणि हाताने तपासा अशी नम्र विनंती करा. नव्या पद्धतीचे सीटी स्कॅनर केबिनच्या सामानातल्या रोललाही इजा करतात.

पायरी ७: पहिले तीन महिने

शक्य असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात करा. पाऊस ओसरलेला, हवा कोरडी होत आलेली, पुढे थंडीतला तिरपा उजेड. पहिला महिना डिजिटल कॅमेरा आणि एकच जागा: जेटी, तिठा, देवळाचं आवार, काहीही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जा. ऍपर्चर आणि शटर स्वतः लावा, ऑटोवर नको. मीटर काय म्हणतं आणि फोटो कसा येतो, याचा अंदाज बसू द्या.

दुसऱ्या महिन्यात मागून आणलेला का होईना, रोलचा कॅमेरा घ्या आणि त्यात ४०० आयएसओचा एक कृष्णधवल रोल घाला. त्याच जागी जा. प्रत्येक फोटोचं ऍपर्चर, शटर, वेळ वहीत लिहा, डिजिटलमध्ये हे आपोआप नोंदलं जातं, रोलमध्ये नाही. रोल धुऊन आला की वही समोर ठेवून निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहा. सावल्यांच्या जागी निगेटिव्ह काचेसारखी कोरी दिसत असेल तर उजेड कमी पडलाय. तिसऱ्या महिन्यात पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा. कुठला कॅमेरा उचलताना हात आपोआप पुढे गेला, ते एव्हाना कळलेलं असेल.

बंदरावर, विशेषतः मासळी विकणाऱ्या बायकांचे फोटो काढण्याआधी विचारा. त्यांच्या धंद्याची वेळ असते. देवळाच्या गाभाऱ्यात आणि पालखीच्या वेळी गावकऱ्यांना, मानकऱ्यांना विचारा. दुसऱ्या भेटीत आधीच्या फोटोचा प्रिंट हातात दिलात तर पुढे कोणी अडवत नाही.

फोटो जपायचे कसे

निगेटिव्ह लॅबकडून नक्की परत घ्या. अनेकजण स्कॅन घेऊन निगेटिव्ह तिथेच सोडतात, पण मूळ वस्तू तीच आहे. प्लास्टिकच्या अल्बमात नको, पावसाळ्यात चिकटतात. निगेटिव्हसाठी मिळणाऱ्या कागदी पाकिटांत, सहा-सहाच्या पट्ट्या करून, कॅमेऱ्याच्याच हवाबंद डब्यात ठेवा. डिजिटल फोटोंच्या दोन हार्ड डिस्क करा, त्याही डब्यात.

आणि दोन्हींची एक प्रत घराबाहेर हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचे अल्बम, निगेटिव्ह आणि कॉम्प्युटर एकाच वेळी गेले. एक डिस्क आणि निगेटिव्हचे स्कॅन घराबाहेर ठेवण्याची सोपी सोय आपल्याकडे आहे: गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर डिस्क मुंबईला पाठवा, पुढच्या वर्षी तो ती परत आणेल, तुम्ही नवी भरलेली द्या. डिस्कवर आणि पाकिटावर वर्ष, गाव आणि रोलचा क्रमांक पक्क्या शाईने लिहा.